स्वस्त कोबॉट: छोट्या वर्कशॉपसाठी घेण्याआधी नेमकं काय तपासायचं?

शून्यबिंदू

विषय स्वस्तातल्या सहा अक्षांच्या कोबॉटचा, म्हणजे माणसाशेजारी काम करायला म्हणून विकल्या जाणाऱ्या रोबॉट हाताचा. चर्चा हवेत जाऊ नये म्हणून ठरावीक काम समोर ठेवतो.

काम १: सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) लेथवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, चढवणं-उतरवणं. जॉब पोलादी, व्यास ५० मिमी, लांबी ६० मिमी. मशीनिंगला ९५ सेकंद. तयार जॉबचं वजन साधारण ६०० ग्रॅम.

काम २: उरलेल्या वेळात २ किलोचे पुठ्ठ्याचे खोके पॅलेटवर रचणं.

हाताच्या माहितीपत्रकातले आकडे: पेलोड (उचलायचं वजन) ३ किलो, रीच (पोच) ६२० मिमी, रिपीटेबिलिटी (त्याच बिंदूवर पुन्हा येण्यातला फरक) ±०.१ मिमी, स्वतःचं वजन १४ किलो, आयपी५४ (धूळ-पाण्यापासून बचावाची श्रेणी), शिवाय 'टक्कर ओळखून आपोआप थांबतो'. किंमत याच वर्गातल्या नावाजलेल्या हातांपेक्षा बरीच कमी.

यातल्या कोणत्या आकड्यावर किती विसंबायचं? आणि जे माहितीपत्रकात लिहिलेलंच नसतं ते कसं तपासायचं?

नटबोल्ट

काम २ आत्ताच खोडून टाका. १२०० × ८०० मिमीचं पॅलेट धरा. हात लांब बाजूच्या बरोबर मध्यावर, काठापासून १५० मिमीवर ठेवला तरी पलीकडचा कोपरा आडव्या रेषेत १,१२० मिमीच्या पुढे जातो. तुमचा रीच ६२०. थर चढत जातील तसा तोही कमी पडणार. खोक्यांसाठी हा हात नाहीच.

रीचचा आकडा कुठून कुठे मोजलाय हे पण विचारा. कोणी मनगटाच्या मध्यापर्यंत मोजतं, कोणी फ्लँजपर्यंत, म्हणजे ग्रिपर (जॉब पकडणारा चिमटा) बसवायच्या चकतीपर्यंत. ग्रिपर खाली तोंड करून ट्रेमधून जॉब उचलताना हाताला कोपर दुमडावं लागतं, त्यामुळे कामाचा आडवा रीच छापील आकड्यापेक्षा कमीच भरतो. शिवाय बेसच्या अगदी जवळ एक उभा दंडगोल असा असतो की जिथे हात पोचतच नाही किंवा विचित्र वळून पोचतो. मशीनचं दार, चक (जॉब घट्ट धरणारे लेथचे जबडे) आणि ट्रे यांचं मोजमाप घेऊन रोबोडीकेसारख्या सिम्युलेटरमध्ये आधी मांडून बघा. फक्त टोकाचे बिंदू तपासू नका, त्यांच्यामधली सरळ रेषेतली चाल तपासा. पाचवा अक्ष शून्य अंशाजवळ आला की चौथा आणि सहावा एका रेषेत येतात, आणि सरळ रेषेत जाणारा हात तिथे एकदम गचका मारतो किंवा एरर देऊन थांबतो. चकमध्ये जॉब सरळ घुसवताना नेमकी हीच अवस्था येऊ शकते. स्टँड १०० मिमी वर-खाली किंवा थोडा तिरका केला की बहुतेक वेळा सुटतं, पण ते स्टँड वेल्ड करण्याआधी कळलेलं बरं.

आता पेलोड. कोरा जॉब: व्यास ५०, लांबी ६०, पोलाद. म्हणजे सुमारे ११८ घन सेंमी, वजन ९२५ ग्रॅम. दुहेरी ग्रिपर (एकात कोरा, दुसऱ्यात तयार जॉब) लावला तर:

दोन हवेचे ग्रिपर, बोटांसह: ०.९० किलो
ब्रॅकेट: ०.३० किलो
नळ्या, वायर, सेन्सर: ०.१५ किलो
कोरा जॉब + तयार जॉब: १.५३ किलो

बेरीज २.८८ किलो. कागदावर ३ किलोच्या आत बसलं. पण छापील पेलोड फ्लँजपासून ठरावीक अंतरावरच्या गुरुत्वमध्यासाठी असतो. माहितीपत्रकात 'पेलोड विरुद्ध अंतर' असा आलेख असेल तर तो मागून घ्या, नसेल तर ती पहिली वाईट खूण समजा. दुहेरी ग्रिपरचा गुरुत्वमध्य सहज ९०-१०० मिमी पुढे जातो, आणि एक ग्रिपर भरलेला, दुसरा रिकामा असताना तो बाजूलाही सरकतो. मनगटाचे छोटे मोटर तिथे तापतात.

चक्रपाणि

दुहेरी ग्रिपर हवाच कशाला? हिशेब करा. एकेरी ग्रिपरने तयार जॉब काढायचा, ट्रेत ठेवायचा, कोरा उचलायचा, चकमध्ये घालायचा. मशीन साधारण २२ सेकंद थांबेल. दुहेरीने तेच १० सेकंदांत. म्हणजे एक फेरी ११७ सेकंदांची किंवा १०५ सेकंदांची. फरक ११ टक्क्यांचा. त्यासाठी पेलोडच्या काठावर सतत काम करायचं का, हा प्रश्न. मशीनिंग २० सेकंदांचं असतं तर गोष्ट वेगळी होती. ९५ सेकंदांच्या जॉबला मी एकेरीच म्हणेन. एकूण वजन १.६ किलोच्या आसपास राहतं आणि हात निवांत चालतो.

बोटांचा जोर पण काढून बघा. जॉब कूलंटने (कापताना सोडायच्या द्रवाने) निसरडा, घर्षणांक ०.१ धरा. हाताचा प्रवेग ३ मीटर प्रति सेकंद वर्ग. ०.९२५ × (९.८१ + ३) × सुरक्षागुणक २, भागिले (२ × ०.१). उत्तर सुमारे ११८ न्यूटन, आणि हे प्रत्येक बोटाला. सपाट बोटं असतील तर एवढा जोर लागेल. बोटांना व्ही खाच केली की जॉब आडवा असताना खाचेतच बसतो आणि घर्षणावरचा भार कमी होतो. बोटं पोलादाची ठेवू नका, तयार जॉबवर डाग पडतात. डेल्रिन किंवा पॉलियुरेथेनची टोकं लावा आणि ती झिजणार हे गृहीत धरून स्क्रूने बदलता येतील अशी करा.

आणि ±०.१ मिमीचा या कामाशी फारसा संबंध नाही. तीन जबड्यांचा चक उघडा असताना जॉबभोवती मिलिमीटरभर तरी जागा असते. त्रास होतो तो जॉबची मागची बाजू चकच्या स्टॉपरवर सपाट न टेकण्याचा. हाताने जॉब घुसवला, चक बंद झाला, जॉब पाव अंश तिरका राहिला, आणि फेस रनआउट (फिरताना पुढच्या पृष्ठभागाचं डगमगणं) मापाबाहेर गेलं. यावर उपाय हाताच्या अचूकतेत नाही. ग्रिपरवर स्प्रिंगची पुशर प्लेट लावा: स्प्रिंग २-३ मिमी दबेल इतकं हाताने पुढे जायचं, ग्रिपर सैल करायचा, स्प्रिंग जॉबला स्टॉपरवर दाबून धरते, मग चक बंद. क्रम उलटा झाला, म्हणजे ग्रिपर घट्ट असतानाच चक बंद झाला, तर चक जॉबला स्वतःच्या मध्यावर ओढतो आणि तो सगळा ताण हाताच्या गिअरवर जातो. स्वस्त हाताचं मनगट असंच खिळखिळं होतं.

चिप्स (कापताना निघणारा धातूचा कीस) विसरू नका. जॉब घालण्याआधी चकच्या जबड्यांवर आणि स्टॉपरवर एक-दोन सेकंद हवेचा झोत मारायचा. नळी ग्रिपरवरच बसवा. लांब, न तुटणाऱ्या चिप्स येत असतील तर आधी टूल आणि फीड बदलून चिप्स तुटतील असं करा. चिप्सचा गुंता चकभोवती अडकला की जगातला कुठलाच हात तो सोडवत नाही.

तिसरा_अक्ष

जबडे आणि बोटं एकमेकांना आपटण्याचं काय? स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) दर वेळी वेगळ्या कोनात थांबतो.

चक्रपाणि

६० मिमीतले २० मिमी चकमध्ये, पुढचे २५ मिमी बोटांत, मध्ये १५ मिमी मोकळे. आपटत नाही. जॉब आखूड असेल तर मात्र एम१९ या आदेशाने स्पिंडल ठरावीक कोनात थांबवावा लागतो, आणि ती सोय सगळ्या लेथवर नसते.

डायलगेज

रिपीटेबिलिटीबद्दल चक्रपाणिंशी सहमत, या कामाला ०.१ पुरे. तरीही चाचणी करा. कारण ती चाचणी रिपीटेबिलिटीपेक्षा हाताच्या गिअरबद्दल जास्त सांगते.

आयएसओ ९२८३ मध्ये पद्धत दिली आहे: पूर्ण पेलोड, पूर्ण वेग, ३० फेऱ्या. प्रत्येक वेळच्या बिंदूचं सरासरी बिंदूपासूनचं अंतर काढायचं, त्या अंतरांची सरासरी अधिक प्रमाण विचलनाची तिप्पट. छापील ±०.१ हा असाच काढलेला आकडा आहे की विक्रेत्याने पाच वेळा हात हलवून ठरवलाय, हे विचारलं की उत्तरावरूनच पुष्कळ कळतं.

वर्कशॉपमध्ये असं करता येईल:

फ्लँजवर अचूक घासलेला घन ठोकळा आणि त्यामागे वजन, मिळून ३ किलो. जड पायावर तीन डायल, एकमेकांना काटकोनात, ०.०१ मिमीचे. डायलवर थेट आपटायचं नाही. शेवटचे २० मिमी सावकाश यायचं आणि २ सेकंद थांबून वाचायचं.

मग चार वेळा ३०-३० वाचनं. पहिला संच थंड हाताने, एकाच दिशेने येऊन. दुसरा थंड हाताने, आलटून पालटून दोन विरुद्ध दिशांनी. मग हात तासभर पूर्ण वेगात पळवायचा आणि दोन्ही संच पुन्हा.

पहिल्या संचात जवळपास सगळेच हात पास होतात. एकाच बाजूने आलं की गिअरचे दात एकाच बाजूला टेकलेले असतात, प्ले (दातांमधली ढिलाई) दिसतच नाही. खरी गंमत दुसऱ्या संचात. हार्मोनिक गिअर असेल तर दोन दिशांमधला फरक नगण्य. साधा प्लॅनेटरी असेल तर फरक उघडा पडतो. बेसच्या सांध्यात १ आर्क मिनिट (अंशाचा साठावा भाग) प्ले असला तर ६२० मिमीवर ०.१८ मिमी होतो. १० आर्क मिनिटं असतील तर १.८ मिमी. माहितीपत्रकावर ±०.१ छापलेलं असूनही! खोटं कोणीच बोललेलं नसतं, फक्त सोयीचा अर्धा भाग छापलेला असतो.

तिसऱ्या संचात सरासरी बिंदू किती सरकला ते बघा. मोटर तापतात, ॲल्युमिनियमची नळी वाढते. ६२० मिमी ॲल्युमिनियम २० अंश सेल्सिअसने तापलं तर जवळपास ०.२९ मिमी लांबतं. हात सगळीकडे सारखा तापत नाही, म्हणून प्रत्यक्ष सरकणं वेगळं येईल, पण ते ०.१ च्या पुढे सहज जातं. लेथला चालेल. स्क्रू बसवणं किंवा घट्ट भोकात पिन घालणं असेल तर सकाळी शिकवलेले बिंदू दुपारी चुकतात आणि दोष ग्रिपरला दिला जातो.

अजून एक: वीज बंद करा, सांधे हाताने किंचित ढकला, वीज चालू करा आणि त्याच बिंदूवर पाठवा. ॲब्सोल्यूट एन्कोडर (वीज गेली तरी सांध्याचा कोन न विसरणारा सेन्सर) असेल तर हात बरोबर त्याच जागी येतो. एन्कोडर फक्त मोटरच्या बाजूला आहे की गिअरच्या बाहेरही दुसरा आहे, हेही विचारा. फक्त मोटरच्या बाजूला असेल तर गिअर झिजल्याचं कंट्रोलरला कधीच कळत नाही.

पिवळी_रेघ

'टक्कर ओळखून आपोआप थांबतो' या चार शब्दांवर कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

कोबॉट हा शब्द १९९६ च्या सुमारास नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या कोलगेट आणि पेश्किन यांच्या कामातून आला, आणि विक्रीत तो इतका रुळला की हात विकत घेतला म्हणजे सुरक्षितता सोबत आली असं वाटू लागलं. आयएसओ १०२१८ च्या २०२५ च्या आवृत्तीत भर 'सहयोगी वापरा'वर आहे. म्हणजे हात, ग्रिपर, जॉब, जागा आणि चाल मिळून जे होतं ते सुरक्षित आहे का, हे बघायचं. सुरी धरलेला कोबॉट सहयोगी नसतो, हे सगळ्यांना पटतं. बर (कापताना राहिलेली धारदार कडा) असलेला पोलादी जॉब धरलेलाही नसतो, हे पटवावं लागतं.

आकडे बघा. आयएसओ टीएस १५०६६ (२०१६) मध्ये शरीराच्या भागानुसार मर्यादा आहेत. माणसाचा पंजा दाबला जात असेल तर बल १४० न्यूटनपर्यंत, आणि दाब जागेनुसार साधारण १९० ते ३०० न्यूटन प्रति चौरस सेंमी. आता १४० न्यूटन बल जॉबच्या धारेवरून ०.२ चौरस सेंमीवर आलं तर दाब ७००. बल पास, दाब नापास. म्हणून ग्रिपरचे कोपरे गोल करणं आणि जॉबभोवती आच्छादन करणं हे वेग कमी करण्याइतकंच महत्त्वाचं.

वेगाचा हिशेब: हाताचं हलणारं वस्तुमान १० किलो धरू, निम्मं घ्यायचं, त्यात ग्रिपर आणि जॉबचे २ किलो मिळवायचे. झाले ७ किलो. छातीसाठी तक्त्यात ४० किलो आणि २५ न्यूटन प्रति मिमी अशी किंमत आहे. मोकळ्या धक्क्याची मर्यादा दाबल्या जाण्याच्या १४० च्या दुप्पट, २८० न्यूटन. त्यातून वेग निघतो सुमारे ०.७३ मीटर प्रति सेकंद. पंजासाठी (०.६ किलो, ७५ न्यूटन प्रति मिमी) तोच हिशेब १.४ च्या जवळ जातो. म्हणजे मोकळ्या जागेत धड हा अडचणीचा भाग, बोटं नव्हेत. बोटं सापडतात ती चिमट्यात: ग्रिपर आणि ट्रे, जॉब आणि चक, कोपर आणि दंड यांच्यामध्ये. तिथे दुप्पट सवलतही मिळत नाही. आणि डोकं-चेहऱ्याला धक्का बसेल अशी चाल ठेवायचीच नाही; त्या तक्त्यात मोकळ्या धक्क्याची सवलत डोक्याला नाही.

स्वस्त हातांमध्ये टक्कर बहुधा मोटरच्या करंटवरून ओळखतात. गिअरचं घर्षण जास्त आणि बदलतं असल्यामुळे करंटमधला किती भाग घर्षणाचा आणि किती टकरीचा हे नीट कळत नाही. थंड ग्रीसमुळे सकाळी खोटे अलार्म येतात, मग कोणीतरी संवेदनशीलता 'पातळी ५' वरून 'पातळी २' वर नेतं, आणि तिथेच राहते. पातळी २ म्हणजे किती न्यूटन? माहितीपत्रक गप्प असतं.

विक्रेत्याकडून एकच कागद मागा: कोणती सुरक्षा-फंक्शन्स आयएसओ १३८४९-१ प्रमाणे पीएल डी, कॅटेगरी ३ (सुरक्षेच्या भरवशाची श्रेणी) ची आहेत त्याची यादी. बल-मर्यादा, वेग-मर्यादा, जागेची मर्यादा, आपत्कालीन थांबा, प्रत्येकाचं नाव असलेली. फक्त आपत्कालीन थांब्याचं प्रमाणपत्र असेल तर टक्कर ओळखणं ही मशीन वाचवायची सोय आहे, माणूस वाचवायची नाही.

तिसरा_अक्ष

वेग २५० मिमी प्रति सेकंदावर बांधून ठेवला तर प्रश्न मिटतो ना? सगळे असंच करतात.

पिवळी_रेघ

नाही. २५० हा मॅन्युअल मोडमध्ये, हातात एनेबल बटण धरून बिंदू शिकवतानाचा वेग आहे. चालू उत्पादनात माणूस शेजारी उभा असताना तो सुरक्षितच असेल असं कुठे म्हटलेलं नाही. २५० ने येणारा जॉब बोट चकवर दाबायला पुरेसा आहे.

बल मोजायचं तर त्यासाठी ठरावीक स्प्रिंगचं मापक लागतं, पंजासाठी ७५ न्यूटन प्रति मिमीचं. वजनकाट्यावर हात आपटून मिळालेला आकडा कामाचा नाही. काटा हळू वाचतो, वरचं टोक पकडतच नाही.

नटबोल्ट

लेझर स्कॅनर लावून जवळ आल्यावर थांबवलं तर?

पिवळी_रेघ

जागा आहे का बघा. आयएसओ १३८५५ च्या २०१० च्या आवृत्तीतलं सूत्र घेऊ: माणसाचा चालण्याचा वेग १,६०० मिमी प्रति सेकंद, स्कॅनरपासून हात पूर्ण थांबेपर्यंत ०.५ सेकंद, म्हणजे ८०० मिमी. स्कॅनरचा पट्टा जमिनीपासून ३०० मिमीवर असेल तर त्यात १,०८० मिमी मिळवायचे. झाले १,८८० मिमी, आणि हे धोक्याच्या जागेपासून. छोट्या वर्कशॉपमध्ये लेथसमोर पावणेदोन-दोन मीटर कायम मोकळे ठेवायचे म्हणजे दर पाच मिनिटांनी कोणीतरी तिथून जाणार आणि हात थांबणार.

या ३ किलोच्या हाताला माझं सरळ मत: जाळी लावा, दाराला इंटरलॉक (दार उघडताच हात थांबवणारा स्विच) लावा आणि कोबॉट हा शब्द विसरा. जाळीच्या आत तो पूर्ण वेगात पळेल, संवेदनशीलतेचा खेळ संपेल, आणि स्वस्त हात स्वस्तच राहील.

शून्यबिंदू

मग कोबॉट घेतला काय, साधा औद्योगिक हात घेतला काय, फरक काय उरला?

पिवळी_रेघ

हाताने धरून बिंदू शिकवता येतात, वजन कमी असल्याने दोन माणसं उचलून बसवतात, साध्या सिंगल फेजवर चालतो. एवढा फरक उरतो, आणि छोट्या जागेत तो कमी नाही.

पीएलसीवाला

हात चांगला निघाला तरी प्रकल्प अडकतो तो मशीनशी बोलण्यात. निदान एवढे सिग्नल हवेत.

मशीनकडून हाताकडे: प्रोग्रॅम संपला, दार पूर्ण उघडं, चक उघडा, चक बंद (प्रेशर स्विचवरून, फक्त व्हॉल्व्हच्या आदेशावरून नव्हे), अलार्म नाही.
हाताकडून मशीनकडे: दार उघड-बंद, चक उघड, चक बंद, सायकल स्टार्ट, आणि 'हात बाहेर आहे'.

हा शेवटचा सिग्नल सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडू नका. हात बाहेरच्या जागी असताना दाबला जाणारा लिमिट स्विच किंवा प्रॉक्सिमिटी सेन्सर लावून तो सायकल स्टार्टच्या वायरमध्येच मालिकेत घ्या.

पीएनपी-एनपीएनचा (आउटपुट २४ व्होल्ट देतो की शून्याकडे ओढतो याचा) घोळ हमखास होतो. हाताचे आउटपुट एनपीएन आणि मशीनचे इनपुट पीएनपी असले की थेट जोडून काहीच होत नाही, किंवा इनपुट कायम चालू दिसतो. मध्ये २४ व्होल्टची रिले लावा, रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड लावा आणि दोन्ही पुरवठ्यांचे शून्य एकत्र करायचे की वेगळे ठेवायचे ते एकदा ठरवून कागदावर लिहा. स्वस्त कंट्रोलरचे आउटपुट पुष्कळदा शंभरेक मिलीअँपिअरचे असतात. थेट सोलेनॉइड व्हॉल्व्ह लावला की ट्रान्झिस्टर उडतो आणि आउटपुट चालू अवस्थेतच अडकून बसतो. ग्रिपर कधीच बंद होत नाही, आणि लोक दिवसभर प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात.

यूएसबीवर चालणारा हात असेल तर वर्कशॉपमध्ये आणूच नका. शेजारी व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) किंवा वेल्डिंग चालू झालं की जोडणी तुटते. इथरनेट, मॉडबस टीसीपी (मशीनांनी आपसात बोलायची पद्धत) आणि शिल्डची वायर वापरा. पीसीवरच्या पायथॉनमधून हात चालवणार असाल तर पीसी मध्येच गोठला तर हात काय करतो हे बघा: चालता प्रोग्रॅम बंद पाडा. हात शेवटच्या आदेशाच्या टोकापर्यंत जात राहिला आणि आउटपुट तसेच चालू राहिले, तर कंट्रोलरमध्ये वॉचडॉग (संपर्क तुटल्यावर सगळं थांबवणारी सोय) नाही. तेव्हा तर्क पीएलसीत (औद्योगिक कंट्रोलरमध्ये) ठेवा, हाताला फक्त 'चाल क्रमांक ४ कर' एवढंच सांगा.

आता जे कोणीच दाखवत नाही ते. जॉब अर्धा चकमध्ये असताना वीज जाते. वीज आल्यावर ऑपरेटर 'होम' दाबतो, हात तिथून सरळ घराकडे निघतो आणि दाराच्या चौकटीला आपटतो. म्हणून जागेचे चार-पाच झोन करा: चकच्या आत, दाराच्या आत, दाराबाहेर, ट्रेवर, घर. होमच्या प्रोग्रॅमने आधी सध्याचा बिंदू कोणत्या झोनमध्ये आहे ते बघायचं आणि त्या झोनच्या ठरलेल्या वाटेनेच बाहेर यायचं. कुठल्याच झोनमध्ये नसेल तर हलायचं नाही, माणसाला हाक मारायची. ग्रिपरमध्ये जॉब आहे का हे व्हेरिएबलवरून ठरवू नका, सेन्सरवरून ठरवा. विक्रेत्याच्या डेमोमध्ये बटण दाबून मध्येच वीज घालवा आणि 'आता पुन्हा चालू करून दाखवा' म्हणा. हाताबद्दल आणि विक्रेत्याबद्दल दहा मिनिटांत समजतं.

शून्यबिंदू

उपयोगी. ट्रेचा प्रश्न राहिला. एकेरी ग्रिपर, ११७ सेकंदांची फेरी. ६५ मिमीच्या अंतराने ८ × ५ म्हणजे ४० जॉबचा ट्रे ५२० × ३२५ मिमीचा होतो, तो रीचमध्ये बसतो. पण ४० जॉब म्हणजे ७८ मिनिटं. दर सव्वा तासाने माणूस यायचा असेल तर काय वाचलं?

चक्रपाणि

हाच खरा हिशेब, बाकी सगळं नंतर. १२० जॉबचा ट्रे करायचा तर १० × १२, म्हणजे ६५० × ७८० मिमी. ६२० चा हात पलीकडच्या रांगेला पोचणार नाही. उताराची पन्हळ करा: कोरे जॉब एकामागे एक घरंगळत येतात, हात नेहमी एकाच बिंदूवरून उचलतो. गोल जॉबला ही सोय फुकट मिळते. ५० मिमीचे जॉब एका ओळीत दोन मीटरच्या पन्हळीत ४० बसतात, तीन पन्हळी एकाखाली एक केल्या की १२०, जवळपास ३.९ तास. उतार ५-६ अंशांपासून सुरू करून बघा, तेलकट जॉब आडवे होऊन अडकतात म्हणून बाजूच्या पट्ट्यांत जॉबच्या लांबीपेक्षा १-१.५ मिमीच जास्त जागा ठेवा. टोकाला एका वेळी एकच जॉब सोडणारा छोटा सिलिंडर.

पण त्याआधी इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं पातं) किती जॉब टिकतो ते बघा. ५० जॉबनंतर माप सरकत असेल तर १२० जॉब विनामाणूस चालवून शेवटचे ७० भंगार होतील. मोजमापाची वेळ आणि ट्रेची वेळ जुळवायची असते.

खर्च मांडताना ग्रिपर, बोटं, दाराचा सिलिंडर, व्हॉल्व्ह, स्टँड, पन्हळी, जाळी, इंटरलॉक, रिले पॅनल आणि बसवण्याचे दिवस हे सगळं वेगळ्या ओळीत लिहा. हात जितका स्वस्त, तितका या ओळींचा वाटा मोठा. ही बेरीज हाताच्या किमतीला सहज गाठते. म्हणून 'निम्म्या किमतीत हात' याचा अर्थ 'निम्म्या किमतीत ऑटोमेशन' होत नाही.

नटबोल्ट

स्टँडबद्दल दोन ओळी. यूआर (युनिव्हर्सल रोबॉट्स) या कोबॉट कंपनीच्या मॅन्युअलमध्ये नियम आहे: बैठक बेस सांध्याच्या पूर्ण टॉर्कच्या निदान दहापट आणि हाताच्या वजनाच्या निदान पाचपट सोसणारी हवी. दुसऱ्या कंपनीच्या हातालाही तोच लावा. बैठक ०.१ अंश झुकली की ६२० मिमीवर १.१ मिमी फरक पडतो. वर डायलगेज यांनी इतक्या कष्टाने मोजलेलं सगळं तिथे वाया. चाकांचा ट्रॉली-स्टँड करणार असाल तर जमिनीत शंकूच्या पिना आणि प्रत्येक वेळी तीन बिंदूंवरून फ्रेम पुन्हा शिकवणं, हे गृहीत धरा.

फ्लँज आयएसओ ९४०९-१ प्रमाणे आहे का तेही बघा, ५०-४-एम६ असेल तर बाजारातले ग्रिपर थेट बसतात. स्वतःच्याच नक्षीची भोकं असतील तर दर वेळी अडॅप्टर, आणि अडॅप्टरचं वजन पेलोडमधून वजा.

तिसरा_अक्ष

आयपी५४ लेथमध्ये चालेल का?

डायलगेज

५४ म्हणजे धुळीपासून बऱ्यापैकी बचाव आणि उडणाऱ्या शिंतोड्यांपासून बचाव. पाण्याच्या धारेपासून नाही, आणि तेलकट कूलंटबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. पाचवा-सहावा सांधा दर फेरीत मशीनच्या आत जाणार. प्रोग्रॅमच्या शेवटी कूलंट बंद करून ३-४ सेकंद चक फिरवून निथळू द्या, मगच दार उघडा. मनगटावर कव्हर घातलंत तर तापमान पुन्हा मोजा. सांध्याच्या झाकणाचे स्क्रू आणि सील महिन्याने उघडून आत ओल आली का ते बघायचं.

शून्यबिंदू

शेवटचा प्रश्न. वीज गेल्यावर ब्रेक किती लवकर पकडतो हे कसं बघायचं?

पीएलसीवाला

खाली जाड फोम ठेवा. हात आडवा पूर्ण ताणलेला, टोकाला ३ किलो, बाजूला पट्टी उभी करून मोबाइलवर स्लो मोशन चालू. मुख्य पुरवठाच काढा, आपत्कालीन बटण नको. बटणाने आधी नियंत्रित थांबा होतो आणि ब्रेकची परीक्षा होत नाही. टोक किती खाली येतं ते पट्टीवर वाचा.

पिनचा ब्रेक असेल तर पिन पुढच्या दातात अडकेपर्यंत सांधा थोडा फिरतो, आणि एक अंश म्हणजे ६२० मिमीवर ११ मिमी. चकमध्ये जॉब असताना ११ मिमी खाली आला तर काय वाकेल हे तेव्हाच ठरवा. काही स्वस्त हातांना फक्त दुसऱ्या-तिसऱ्या सांध्याला ब्रेक असतो, मनगट मोकळं लोंबतं. काहींना कुठेच नसतो. ते फोमवर पडतात. विक्रेत्याने ही चाचणी करू दिली नाही तर कारण विचारायची गरज नाही.

ग्रिपरचंही बघा: वीज आणि हवा दोन्ही गेल्यावर जॉब सुटतो का. स्प्रिंगने बंद राहणारा ग्रिपर, किंवा दोन सोलेनॉइडचा व्हॉल्व्ह आणि ग्रिपरजवळ चेक व्हॉल्व्ह.

शून्यबिंदू

फोम, डायल आणि पीएल डीचा कागद. विक्रेत्याला हेच कळवतो. आकडे आले की इथेच टाकतो.